वसतिगृहातली घंटा

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्बलिंग या छोट्या गावात फुटबॉलपटूंची सकाळ गुरांच्या गळ्यातल्या घंटेने उजाडायची. कोच एडी रॉबिन्सन स्वतः ती घंटा वाजवत वसतिगृहाच्या खोल्यांवरून फिरत. पोरांनी वर्गात वेळेवर जाऊन बसावं, म्हणून ही उठवाउठव.

हा फुटबॉल आपल्या कोल्हापूरचा किंवा मडगावचा नव्हे. लांबट चेंडू घेऊन १०० यार्डांच्या मैदानात रेटत पुढे सरकायचा हा अमेरिकी खेळ. तिथे कॉलेजच्या कोचचं नाव राज्यभर घरोघरी ठाऊक असतं. पण रॉबिन्सन उमेदवारी करत होते, तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांत काळ्या विद्यार्थ्यालाही प्रवेश नव्हता. तिथे काळा कोच कुठून येणार?

त्यांचा जन्म १९१९चा. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारे, आई लोकांच्या घरी कामाला. तिसरीत असताना त्यांनी मोठ्या शाळेचा संघ आणि त्याचा कोच पाहिला, आणि आपण हेच व्हायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं. पदवी घेऊनही वाट्याला आली ती बॅटन रूजमधल्या पशुखाद्याच्या गिरणीतली मजुरी. १९४१ मध्ये ग्रॅम्बलिंगच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजाने बोलावलं, तेव्हा वय २२, पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट. मैदानातलं गवत कापणं, फक्कीने रेघा आखणं, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधणं, सामन्याचा वृत्तांत लिहून वर्तमानपत्रांना पाठवणं, सगळं तेच करत.

पहिल्या मोसमात ३ विजय, ५ पराभव. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ सामने जिंकले, आणि अख्ख्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांना एक गुणही मिळू दिला नाही. मग महायुद्धाने कॉलेजचा संघ दोन वर्षं बंद पडला, तेव्हा ते गावातल्या हायस्कूलचा संघ सांभाळू लागले. तिथले दोन चांगले खेळाडू त्यांच्या वडिलांनी कापूस वेचायला नेले. रॉबिन्सननी वडिलांशी वाद घातला नाही. सगळा संघच शेतात नेला, कापूस वेचून दिला आणि पोरं परत आणली. शेतकऱ्याच्या हंगामाची किंमत जाणणारा माणूसच हे करू जाणे.

प्रवासात वाटेतली हॉटेलं काळ्यांना जेवायला वाढत नसत. मग खेळाडूंची सँडविचेस बरोबर बांधून न्यायची. १९४९ मध्ये त्यांचा टँक यंगर व्यावसायिक लीगमध्ये गेला. काळ्यांच्या कॉलेजांतून तिथे पोचलेला तो पहिलाच खेळाडू. तू हरलास तर मागच्यांची वाट बंद होईल, हे त्यांनी त्याला बजावून सांगितलं होतं.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते क्वार्टरबॅकच्या बाबतीतलं. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा सेनापती. डाव तो हाकतो, चेंडू तो फेकतो. काळा माणूस धावेल, धडक देईल, पण डोकं चालवून दहा जणांना हुकूम देणं त्याला झेपणार नाही, असं व्यावसायिक संघ धरून चालत. कॉलेजात ही जागा सांभाळलेल्या काळ्या खेळाडूला सर्रास दुसरीकडे हलवलं जाई. रॉबिन्सननी जेम्स हॅरिसला क्वार्टरबॅक म्हणूनच घडवलं. १९६९ मध्ये बफेलोच्या संघाने मोसमाचा पहिलाच सामना हॅरिसच्या हाती सोपवला. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झाला डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ला सुपर बोल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात त्याचा वॉशिंग्टन संघ ०–१० असा मागे पडला होता. दुसऱ्या सत्रात विल्यम्सच्या गुण मिळवून देणाऱ्या चार टचडाउन पासेसच्या जोरावर संघाने ३५ गुण केले, सामना ४२–१० असा जिंकला आणि सामनावीर विल्यम्सच ठरला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला काळा क्वार्टरबॅक.

तोवर कॉलेज फुटबॉलमधला सर्वाधिक विजयांचा विक्रमही रॉबिन्सननी मोडला होता. ५ ऑक्टोबर १९८५ला डॅलसमध्ये त्यांनी ३२४वा विजय मिळवून अलाबामाचे विख्यात कोच बेअर ब्रायंट यांना मागे टाकलं. त्याच अलाबामाच्या मुख्य संघातून काळे खेळाडू १९७१ साली पहिल्यांदा सामन्यात उतरले होते.

२००हून अधिक खेळाडू त्यांनी व्यावसायिक फुटबॉलला दिले. नोकरी एकच, ग्रॅम्बलिंगची. पत्नी डॉरिस यांची साथही जन्मभराची. शेवटचे मोसम मात्र पराभवांचे गेले. १९९७च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये सदर्न विद्यापीठाविरुद्धचा शेवटचा सामनाही ते हरले आणि ४०८ विजयांवर थांबले. त्यांना पुढे अल्झायमरने गाठलं. २००७ मध्ये ते गेले.

१९९८ मध्ये ग्रॅम्बलिंगला नवा कोच आला, डग विल्यम्स.