मधल्या अक्षराची करामत

विनायक भाव्यांनी जुन्या मराठी वाङ्मयाचा धांडोळा घेऊन ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. विनायक भाव्यांनी भगवद्गीता मराठीत आणून ‘गीताई’ लिहिली. एका जन्मात एवढं काम? थांबा, ही माणसं दोन आहेत!

गीताईवाले पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. आईला संस्कृत गीता समजेना, तेव्हा तिने मुलालाच ती मराठीत करायला सांगितलं. आई १९१८ साली गेली आणि गीताई लिहायला १९३० उजाडलं. किती वर्षं त्यांनी तो शब्द मनात जपला असेल! सारस्वतवाले भावे १८७१ सालचे. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि तेव्हा दुसऱ्या विनायकाचा जन्मही झाला नव्हता.

असं होतं कसं? मुलांना नावं देवांची ठेवायची, नाहीतर आजोबांची. त्यामुळे तीच मोजकी नावं घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. आडनाव तर ठरलेलंच. दोन्ही टोकं जुळली की उरतं फक्त मधलं नाव, वडिलांचं. दोन गावांची नावं सारखी निघाली की आपण तालुका विचारतो, तसंच हे. वि. ल. म्हणजे लक्ष्मणरावांचे, वि. न. म्हणजे नरहररावांचे. एका अक्षरावर दोन आयुष्यं वेगळी राहिली! पुढे गीताईवाल्या विनायकाचे विनोबा झाले, म्हणून तर आपल्याला या अक्षराची गरजही फारशी भासत नाही.

आता पेणच्या शेजारच्या रोह्यात या. १९५८ चा मॅगसेसे पुरस्कार गागोद्याच्या विनोबांना आणि लगेच १९५९ चा रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांना! १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले तेच हे चिंतामण द्वारकानाथ, म्हणजेच सी. डी. देशमुख.

आणि नागपुरात होते दुसरे सी. डी. देशमुख! चक्रधर धरणीधर, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांच्या प्रवचनांचं इंग्रजी संपादन त्यांचं. तुम्ही म्हणाल, एक पैशाच्या जगातले, एक अध्यात्मातले, गोंधळ होईलच कशाला? पण रोह्याच्या चिंतामणरावांनी मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला होता, संस्कृतात कविता केल्या होत्या. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकावर ‘सी. डी. देशमुख’ दिसलं, तर ते त्यांचंच वाटायला कितीसा वेळ लागणार?

इथे वडिलांचं नावसुद्धा कमी पडलं, कारण द्वारकानाथ काय नि धरणीधर काय, इंग्रजीत दोघेही ‘डी’. पण हीच नावं आपल्या पद्धतीने लिहून बघा: चिं. द्वा. आणि च. ध. गोंधळ कुठच्या कुठे पळाला! इंग्रजी आद्याक्षर नावाचं नुसतं पहिलं अक्षर उचलतं, त्यात ‘द’ आणि ‘ध’ एकच होऊन जातात. देवनागरी आद्याक्षर मात्र वेलांटी, अनुस्वार, काना, जोडाक्षर असं सगळं बरोबर घेऊन येतं. ‘चिं.’मधला चिंतामण पूर्ण नाव न लिहिताही ओळखू येतो आणि ‘द्वा.’ वाचताक्षणी द्वारकानाथाखेरीज दुसरं नाव चटकन सुचतही नाही!