'टेल' म्हणजे नुसते सांगणे नव्हे



'टेल' हा शब्द आपल्या सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला काही नवा नाही. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा असो, नाहीतर एखाद्या गावची लहानशी चारी असो, "टेलला पाणी पोचलं का?" हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास कानावर येतो. हा टेल म्हणजे शेपूट, कालव्याचे शेवटचे टोक. पण आपला मुलगा शाळेच्या पुस्तकात जो 'टेल' वाचतो, तो निराळा. त्याचा अर्थ सांगणे. नागरी लिपीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, म्हणून फरक उच्चाराने ठेवावा लागतो. शेपटाचा 'टेऽल' लांबवून म्हणायचा. सांगण्याचा 'टेल' आखूड, 'एक्का' म्हणताना त्यातला 'ए' जसा चटकन संपतो तसा. आजचा विषय हा दुसरा, आखूड 'टेल' आहे.

शब्द चार अक्षरांचा, पण मुलांना फार छळणारा. मुलगा वहीत लिहितो, 'टेल मीनिंग सांगणे', आणि पाठ करतो. पुढे त्याला वाक्य मिळते, 'आय कॅन नॉट टेल द टाइम'. तो अर्थ लावतो, 'मी वेळ सांगू शकत नाही', आणि ते जमते. दुसरे वाक्य येते, 'आय कॅन नॉट टेल वन ट्विन फ्रॉम द अदर'. इथे 'सांगणे' घालून काहीच निघत नाही. मुलगा गडबडतो आणि मनाशी म्हणतो, ही भाषा काही आपल्या डोक्यात शिरायची नाही. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरीसुद्धा इंग्रजीच्या धास्तीने शाळेवरून मन उडालेली मुले आपल्याला गावोगाव भेटतात. तेव्हा गोष्ट एका शब्दाची असली, तरी तिच्यामागे एका मुलाचे धैर्य आहे, हे आधी ध्यानात घेऊ.

आता गंमत अशी, की या शब्दाची किल्ली आपल्या घरातच आहे. आपल्याकडची आई लेकराला निरोप देते तो कसा, आठवून पाहा. "आत्याला सांग, म्हणावं उद्या बाजाराला जायचंय, लवकर ये." या एका वाक्यात दोन क्रियापदे आहेत, 'सांग' आणि 'म्हणावं'. दोन्हींची कामे वेगळी आहेत. 'सांग' हे क्रियापद आत्याला धरून आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला. 'म्हणावं' हे पुढच्या शब्दांना धरून आहे, म्हणजे निरोपाला. इंग्रजीतही नेमकी हीच वाटणी आहे. 'टेल' ऐकणाऱ्याचा हात धरतो. 'से' बोललेले शब्द धरतो.

म्हणून 'ही टोल्ड मी' हे बरोबर. कोणाला सांगितले? मला. ऐकणारा लगेच पुढे उभा आहे. पण नुसते 'ही टोल्ड दॅट ही वॉज इल' असे लिहिले, तर इंग्रजी कानाला ते अर्धवट वाटते, कारण कोणाला सांगितले तेच नाही. तिथे 'ही सेड दॅट ही वॉज इल' असे हवे. 'से'ला ऐकणारा नसला तरी चालते. माणूस एकटा रानात उभा राहून काही म्हणू शकतो. पण सांगायचे झाले, तर समोर कोणीतरी लागतेच.

ही वाटणी नीट समजायला आणखी एक उदाहरण सांगलीचेच आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. त्या काळच्या नाटकात सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे आपापली भाषणे करीत. इंग्रजीत बोलायचे झाले, तर सूत्रधाराचे काम 'टेल'चे, कारण तो प्रेक्षकांना कथा सांगतो. आणि पात्रांचे काम 'से'चे, कारण ती आपापले शब्द उच्चारतात. वर्गात दोन मुलांना पात्रे करावे आणि एकाला सूत्रधार. खेळ पाच मिनिटांचा, पण फरक जन्मभर लक्षात राहतो.

मग मुले चुकतात कुठे? मराठीत आपण 'मी त्याला सांगितलं' असे म्हणतो आणि 'मी त्याला म्हणालो' असेही म्हणतो. दोन्हीकडे 'ला' आहे. मुलगा हा नियम इमानाने इंग्रजीत नेतो. कधी दोन्हीकडचा 'ला' गाळतो आणि लिहितो, 'आय सेड हिम'. कधी दोन्हीकडे 'ला'साठी 'टू' घालतो आणि लिहितो, 'आय टोल्ड टू हिम'. दोन्ही चुकीचे. इंग्रजीत 'से'ला 'टू' लागतो, 'टेल'ला लागत नाही: 'आय सेड टू हिम', 'आय टोल्ड हिम'. शिक्षक बंधुभगिनींनो, या चुकीवर नुसती लाल रेघ ओढू नका. हे पोर ढ नाही. त्याने आपल्या भाषेचा नियम अगदी बरोबर ओळखला आहे, फक्त तो परक्या शेतात पेरला आहे. "तुझी मराठी इथं बरोबर आहे, इंग्रजीची रीत अशी आहे," एवढे म्हटले, तरी त्याला चूक कळते आणि हुरूपही राहतो.

'सांगणे' या शब्दाला आपल्याकडे दुसराही एक अर्थ आहे, तो हुकमाचा. "बापानं गुरं पाण्यावर न्यायला सांगितलंय," यात बातमी नाही, काम आहे. 'टेल'चेही तसेच. 'ही टोल्ड मी टु गो' म्हणजे त्याने मला जायला सांगितले. आणि 'जाऊ नको' असे सांगितले असेल, तर 'नॉट' आधी येतो: 'ही टोल्ड मी नॉट टु गो'. 'टु डोंट गो' असे मुले लिहितात, ते टाळावे. सांगितले तेवढेच करणाऱ्याला आपण सांगकाम्या म्हणतो. त्या शब्दातले 'सांग' हेच हुकमाचे 'सांग' आहे, हे मुलांना दाखवून द्यावे.

आता जुळ्या भावांच्या वाक्याकडे वळू. इथे 'टेल' म्हणजे ओळखणे, फरक जाणणे. माण-खटाव किंवा आटपाडी-जतकडचा धनगर पाहा. तुम्हा-आम्हाला सगळी मेंढरे सारखीच दिसतात. पण तो आपले मेंढरू दुसऱ्याच्या कळपातूनही बरोबर बाजूला काढतो. सांगलीच्या पेठेत हळद पारखणारा माणूस हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मालाची प्रत जाणतो. घरात शितावरून भाताची परीक्षा होते. या सगळ्या ठिकाणी इंग्रज माणूस म्हणेल, 'ही कॅन टेल', 'शी कॅन टेल'. या अर्थाने हा शब्द बहुधा 'कॅन' किंवा 'कुड'चा हात धरून येतो. तो जोड दिसला, की मुलाने थांबावे आणि 'सांगणे' ऐवजी 'ओळखणे' घालून पाहावे.

याच्या जवळचाच एक प्रयोग तर हुबेहूब आपला आहे. दुष्काळी पट्ट्यातला शेतकरी आभाळाकडे बघून म्हणतो, "पावसाचं काही सांगता येत नाही." तो कोणाला काही सांगत नाही, आणि कोणी त्याला सांगू नको म्हणालेलेही नाही. त्याला म्हणायचे आहे, की आधी ठाऊक होणे शक्य नाही. इंग्रजीत म्हणतात, 'यू नेव्हर कॅन टेल'. भाषा दोन, बोलणारे हजारो कोस दूर, पण सांगण्यावरून जाणण्याकडे जाणारी वाट दोघांनीही तुडवली आहे.

परंतु सांगण्याचा आणि ओळखण्याचा संबंध काय, असे कोणी चौकस मुलगा विचारील. त्याचे उत्तर शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. 'टेल'चा एक फार जुना अर्थ मोजणे असा आहे. बँकेच्या खिडकीत बसून पैसे मोजून घेणाऱ्या-देणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'टेलर' म्हणतात, तो याच अर्थाने. कपडे शिवणाऱ्या टेलराशी त्याचा काही संबंध नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटात मते मोजणाऱ्या सभासदांनाही 'टेलर' हेच नाव आहे. जपमाळेचे मणी एकेक करून ओढणे, यालाही जुन्या इंग्रजीत 'टेल' म्हणत. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून, एकूण. डच भाषेत याच्या सख्ख्या भावाचा, 'टेलन'चा, अर्थ आजही मोजणे असाच आहे. आणि जर्मन भाषेत 'त्सेलन' म्हणजे मोजणे, तर त्यालाच उपसर्ग लावून झालेला 'एर्त्सेलन' म्हणजे गोष्ट सांगणे. एकामागून एक मणी ओढावा, तशी एकामागून एक हकिकत सांगायची. आणि जो एकेक वस्तू वेगळी करून मोजतो, त्याला वस्तूंमधला फरकही कळणारच.

हे परकीयांचेच वेड आहे असे मात्र नव्हे. संस्कृतात 'ख्या' हा धातू आहे, त्याचा अर्थ सांगणे. त्यापासून कीर्तनातले 'आख्यान' झाले, सभेतले 'व्याख्यान' झाले, आणि 'सम्' हा उपसर्ग लागून गणिताच्या तासाची 'संख्या'ही झाली. दुसरा धातू 'कल्'. त्याचा एक अर्थ मोजणे. त्यातून 'संकलन' म्हणजे बेरीज आणि 'आकलन' म्हणजे समजणे, असे दोन्ही शब्द आपण वापरतो. सांगणे, मोजणे आणि जाणणे ही तीन कामे माणसाच्या मनात शेजारी शेजारी नांदतात, याची ही साक्ष आहे. इंग्रजी शब्दाचे अर्थ वेडेवाकडे वाढलेले नाहीत. ते एका खोडाला फुटलेल्या फांद्या आहेत.

काही फांद्या मात्र एकेक करून पाहाव्या लागतात. 'टेल ऑफ' म्हणजे खडसावणे, चांगली कानउघाडणी करणे. 'टेल ऑन' याचे दोन अर्थ: एक, एखाद्याची चहाडी करणे, जसे पोरे गुरुजींकडे जाऊन करतात, आणि दुसरा, परिणाम दिसू लागणे. ऊसतोडीच्या हंगामात रात्रंदिवस राबणाऱ्या बाईची तब्येत खालावते. मराठीत आपण म्हणतो, कष्ट अंगावर दिसू लागले. इंग्रजीत म्हणतात, 'द वर्क टोल्ड ऑन हर'. 'टाइम विल टेल' म्हणजे काय ते पुढे काळच दाखवील. आपणही "त्याचा चेहराच सांगतो" असे म्हणतोच की. म्हणजे सांगायला तोंडच लागते असे नाही, काळ सांगतो, चेहरा सांगतो, कष्टसुद्धा सांगतात.

शेवटी सोबतीचा नियम. काही शब्द 'टेल'बरोबरच नांदतात: गोष्ट, विनोद, गुपित, भविष्य, खरे आणि खोटे. इथे ऐकणाऱ्याचे नाव नसले तरी चालते. 'ही टोल्ड अ स्टोरी' हे वाक्य पुरे आहे. 'खरे' आणि 'खोटे' यांच्यापाशी मात्र सावध असावे. आपण खरे 'बोलतो', इंग्रज खरे 'सांगतो'. म्हणून 'खरं बोल' याचे इंग्रजी 'टेल द ट्रूथ'. तिथे 'स्पीक'ऐवजी 'टेल' घ्यायची सवय लावावी. प्रार्थना मात्र आपण म्हणतो आणि तेही म्हणतात: 'से अ प्रेअर'.

तेव्हा शिक्षकांनी वर्गात काय करावे? माझे सुचवणे साधे आहे. वहीत 'टेल म्हणजे सांगणे' अशी एकच ओळ लिहवून घेऊ नका. फळ्यावर चार वाक्ये लिहा. आत्याला निरोप सांग. गुरे न्यायला सांग. दोन मेंढरांतला फरक ओळख. पावसाचे सांगता येत नाही. मुलांनी प्रत्येक वाक्य आपल्या घरच्या बोलीत म्हणावे, कोणी 'सांगटलं' म्हणेल, कोणी 'न्हाई' म्हणेल, म्हणू द्यावे. मग त्यापुढे इंग्रजी वाक्य लिहावे. आणि दर वेळी एकच प्रश्न विचारावा: यात ऐकणारा कोण आहे? ऐकणारा सापडला, की 'टेल' आणि 'से' यांचा निम्मा गुंता सुटतो. ऐकणारा कोणीच नसला, तर दुसरा प्रश्न: इथे कोणी काही ओळखतंय का?

आणि ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही, त्यांनीही मागे राहण्याचे कारण नाही. संध्याकाळी मुलाला जवळ घ्या आणि म्हणा, "आज शाळेत काय झालं, सांग बघू." त्याने जे काही सांगितले, ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. सांगण्याला ऐकणारा लागतो, हा 'टेल'चा पहिला धडा आहे. आणि तो धडा घरी, मराठीतच, सर्वांत चांगला शिकवता येतो.