आधी रजा, मग शस्त्रक्रिया

बीड पोलिस दलातले ललित साळवे महिला कॉन्स्टेबल म्हणून भरती झाले होते. 2017मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि खात्याने ती नाकारली. पुरुष आणि महिला शिपायांचे भरतीचे निकष वेगळे, ही खात्याची अडचण! तपासणीत वाय गुणसूत्र आढळले होते, पण नियमावलीला त्याचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने हा नोकरीविषयक वाद मानून त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे (मॅट) जायला सांगितले. अखेर राज्य सरकारने परवानगी दिली. मे 2018मध्ये सीएसएमटीजवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली.

त्याआधी 2012मध्ये गुवाहाटीहून मुंबईत आलेल्या 21 वर्षांच्या व्यक्तीची शस्त्रक्रिया आईवडिलांच्या विरोधामुळे अडली होती. सज्ञान व्यक्तीला रोखणारा कोणताही कायदा नाही, असे तेव्हा उच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

सर्वोच्च न्यायालयाने 2014च्या ‘नालसा’ निकालात लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. 2019च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने मात्र ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशा नोंदीसाठी रुग्णालयाचा शस्त्रक्रियेचा दाखला पुन्हा मागितला. तो जिल्हाधिकाऱ्यांना पटला, तरच सुधारित प्रमाणपत्र मिळणार, अशी त्यात तरतूद होती.