प्रत्येक कोंब मूळव्याधीचा नसतो

शौचाच्या जागी हाताला गाठ लागली की आपल्याकडे निदान घरच्या घरी होतं: मूळव्याध. मग तिखट बंद, इसबगोल सुरू, आणि तेवढ्याने भागलं नाही तर भिंतीवरच्या जाहिरातीतला ‘बिनटाक्याचा’ इलाज. कोंब एकाचे पाच झाले की मगच माणूस सर्जनकडे जातो. यातल्या काहींना मूळव्याध नसतेच. त्या असतात चामखिळी, आणि त्या उगवतात ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीमुळे.

फरक डोळ्यांनी दिसतो, पण बघू द्यायला हवं. मूळव्याधीत रक्तवाहिन्या फुगतात. मोड मऊ, गुळगुळीत, निळसर-लालसर असतो आणि शौचाबरोबर रक्त पडतं. चामखीळ कातडीतून वर येते. आधी एक-दोन मिलिमीटरची, कातडीच्याच रंगाची किंवा गुलाबी. वाढली की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत. ती सहसा दुखत नाही. खाज, ओलसरपणा, कधी पुसताना रक्ताचा डाग, एवढंच. काही चामखिळी गुदमार्गाच्या आत दडलेल्या असतात, म्हणून प्रॉक्टोस्कोपने आत पाहणं आलंच. सिफिलिसमध्येही इथे चपटे, ओलसर उंचवटे येतात, त्यामुळे डॉक्टर त्यासाठी आणि एचआयव्हीसाठी रक्त तपासायला सांगतात. त्यात संशय घेतल्यासारखं काही नाही. गाठ कडक असेल, काळी पडली असेल, चिघळली असेल किंवा उपचारांना दाद देत नसेल, तर तुकडा काढून तपासावा लागतो.

यातल्या सुमारे 90 टक्के चामखिळी एचपीव्हीच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात. कॅन्सरशी नातं आहे ते मुख्यतः 16 आणि 18 चं. पण एकाच माणसात दोन्ही गटांचे विषाणू असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये. बोटांवरच्या चामखिळींचे विषाणू वेगळे. कुरुपावरचं औषध इथे लावलं तर नाजूक कातडी भाजते.

यानंतर घरात हमखास प्रश्न येतो: हे आलं कुणाकडून? विज्ञानाकडे याचं उत्तर बहुतेक वेळा नसतं. संसर्गानंतर चामखीळ दिसायला काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. हा विषाणू कातडीच्या स्पर्शातून पसरतो. गुदसंभोग हा नेहमीचा मार्ग खरा, पण त्याशिवायही तो जवळच्या जननेंद्रियांकडून इथे पोहोचतो. कंडोमने धोका कमी होतो. जी कातडी झाकली जात नाही तिथे मात्र तो उरतो.

विषाणूला मारणारं औषध अजून नाही. जे होतं ते कोंब नष्ट करणं. बाहेरच्या थोड्या चामखिळींवर इमिक्विमॉड मलम आठवड्यातून तीन रात्री लावतात, जास्तीत जास्त 16 आठवडे. ते विषाणूला थेट हात लावत नाही, तिथली प्रतिकारशक्ती जागी करतं. त्यामुळे थोडी लाली येते, आणि ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हणून रुग्ण मलम सोडून देतात. पोडोफायलिन हे वनस्पतीच्या राळेतून मिळणारं औषध पेशींचं विभाजन थांबवतं. गरोदरपणात ते चालत नाही. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. मोठ्या किंवा आतल्या चामखिळी भूल देऊन जाळतात किंवा कापतात. तरीही अनेकांना त्या पुन्हा येतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, कारण आजूबाजूच्या स्वच्छ दिसणाऱ्या कातडीत विषाणू शिल्लक असतो. शस्त्रक्रिया फसली असा त्याचा अर्थ नव्हे.

लस मात्र आधीच अडवते. आलेली चामखीळ तिने जात नाही. ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये मुलींना लस द्यायला सुरुवात केली. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या 21 वर्षांखालच्या तरुणींपैकी 11.5 टक्क्यांना तेव्हा गुप्तांगावर चामखिळी आढळत. 2011 मध्ये हे प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली आलं. लस न घेतलेल्या त्याच वयाच्या मुलांमध्येही, म्हणजे मुलींशी संबंध असणाऱ्यांमध्ये, मोठी घट झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 2023 मध्ये आलेली ‘सर्व्हाव्हॅक’ 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर आहे. आपल्याकडे तिची चर्चा होते ती फक्त गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आणि फक्त मुलींसाठी. मान्यता मात्र 9 ते 26 वयाच्या मुलग्यांसाठीही आहे.