फुटपाथवरची शिबंदी

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की ठाण्यात जांभळी नाक्यावर, डोंबिवलीत फडके रोडच्या कडेला आणि कल्याणात शिवाजी चौकाच्या आसपास फुटपाथचं रूप पालटू लागतं. आधी पणत्या येतात, मग कंदील, मग रांगोळीच्या रंगांचे ढीग. या गर्दीतच कुठेतरी ताडपत्रीवर किंवा हातगाडीवर मावळ्यांची एक फौज रांगेनं उभी राहते. पुढे भालेवाले आणि ढाल-तलवारवाले, त्यांच्यामागे तुतारी फुंकणारे, मशाल धरलेले, घोड्यावर बसलेले. सगळ्यांत मागे, विटांवर फळी टाकून केलेल्या उंचवट्यावर, लहानमोठ्या आकारांतले सिंहासनाधिष्ठित महाराज. दिवाळीच्या किल्ल्याचा हा बाजार दोन-तीन आठवडे चालतो आणि दिवाळी सरली की उठतो.

जगात खेळणी जमवणाऱ्यांच्या पंढऱ्या आहेत. टोकियोत अकिहाबारा आहे, जिथे मजल्यावर मजले काचेच्या कपाटांतल्या बाहुल्यांनी भरलेले असतात. त्याच शहरात १९६६ साली उभी राहिलेली नाकानो ब्रॉडवे ही इमारत आहे. जुन्या कॉमिक्सच्या एका छोट्या दुकानापासून १९८० साली तिथे सुरू झालेलं ‘मांदाराके’ आज जुन्या खेळण्यांसाठी जगभर ओळखलं जातं. तिथे जमवायची मालिका बहुतेकदा कंपनी ठरवते: या वर्षी एवढ्या बाहुल्या, त्यातली एक दुर्मीळ, बाकी सर्वसाधारण. नाणं टाकून मूठ फिरवली की प्लॅस्टिकच्या गोळ्यात बंद खेळणं देणारी यंत्रंही याच धर्तीवर चालतात. बांदाई कंपनी या धंद्यात १९७७ साली उतरली. आत काय निघेल हे नशिबावर असतं आणि म्हणूनच माणूस पुन्हा नाणं टाकतो.

आपल्या फुटपाथवर यातलं काहीच नाही. मावळ्याला कंपनी नाही, खोका नाही, यादी नाही. मालिका विकत घेणारा ठरवतो, आणि तो बहुधा तिसरी-चौथीतला असतो.

त्याची निवड बघण्यासारखी असते. मोठी माणसं भाव विचारत असतात, हा उकिडवा बसून एकेक मावळा उलटापालटा करून पाहतो. मिशी दोन्ही बाजूंना सारखी आहे का? एक डोळा आभाळाकडे आणि दुसरा जमिनीकडे तर नाही? भाला तारेचा असेल तर मुठीत घट्ट बसलाय का? सगळ्यांत महत्त्वाची मान. मावळा मोडतो तो बहुतेक वेळा मानेत, नाहीतर तलवारीच्या मनगटात. गेल्या वर्षी घरी दोन शिरं फेविकॉलनं चिकटवलेली असतात, त्यामुळे ही पारख अनुभवातून आलेली असते. ‘काका, हा नको, त्याच्यामागचा द्या,’ असं म्हणून तो हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा मावळा घेतो. विक्रेताही कुरकुरत नाही, कारण रंग हातानं दिलेला असल्यानं कोणतेही दोन मावळे खरोखर सारखे नसतात, हे त्यालाही ठाऊक असतं.

मावळा दोन जातींचा. एक भाजक्या मातीचा, दुसरा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा.

मातीचा मावळा दोन अर्ध्या साच्यांतून निघतो, एकात पुढची बाजू आणि दुसऱ्यात पाठ. मळलेली माती दोन्हींत अंगठ्यानं दाबून भरायची, कडांना मातीचं दाट पाणी लावून अर्धुकं जोडायची, आणि सांधा ओल्या बोटानं पुसून घ्यायचा. मग सावलीत वाळवण, नंतर भट्टी. घाईनं उन्हात वाळवला तर अंगाला तडा जातो. प्लॅस्टरचं काम वेगळं. जिप्सम हे खनिज साधारण दीडशे अंश सेल्सिअसला तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती काही मिनिटांत घट्ट होते. रबराच्या साच्यात ओतायचं, थांबायचं, साचा सोलून काढायचा. पागोट्याची वळी आणि अंगरख्याच्या चुण्या यात जास्त रेखीव उठतात, भट्टीचा खर्च वाचतो, म्हणून बाजारात प्लॅस्टरची सरशी आहे. ओळखायची खूण सोपी: मावळा उलटा करून बूड पाहा. लालसर दिसलं आणि नखानं टिचकी मारल्यावर टणकन वाजलं तर माती; पांढरं आणि बद्द वाजलं तर प्लॅस्टर.

रंगकाम रांगेनं होतं. पन्नास मावळ्यांचे चेहरे आधी, मग त्याच पन्नासांचे अंगरखे, मग शेले, मग जोडे. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते ज्याचा हात स्थिर त्याच्याकडे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या या कामाला आखणी म्हणतात. नातं फक्त शब्दाचं नाही. अनंत चतुर्दशी झाली की मूर्तिकारांच्या हाताला उसंत मिळते, आणि दिवाळी महिना-दीड महिन्यावर असते. साचे, रंग, कुंचले तयारच असतात. पुण्यात कसबा पेठेतला कुंभारवाडा पणत्यांइतकाच किल्ल्यावरच्या चित्रांसाठी ओळखला जातो. ‘चित्रं’ हा तिकडचा शब्द. ठाणे-डोंबिवलीकडे ओट्यावर बसलेली गवळण असो की तोफ, बोली सरसकट ‘मावळे’ अशीच लागते.

गणपतीच्या बाबतीत प्लॅस्टरचा वाद गेली काही वर्षं कोर्टापर्यंत गेला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि प्लॅस्टरवर बोट ठेवलं. मावळा या वादातून सुटला, कारण त्याचं विसर्जन होत नाही. भाऊबीज झाली की तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बुटांच्या खोक्यात घालून माळ्यावर जातो आणि पुढल्या वर्षी पुन्हा कामावर हजर होतो.

संग्रह वाढतो तो असा. दरवर्षी दोन-तीन नवे, एखाद-दुसरा कामी आलेला. डोंबिवलीच्या कितीतरी घरांत आज वडिलांच्या लहानपणीचे मावळे आणि मुलांचे मावळे एकाच बुरुजावर पहारा देतात. जुन्यांचा रंग उडालेला, पण अंग जाड. नवे चकचकीत आणि वजनाला हलके. कुणाच्या खोक्यात नुसते घोडेस्वार सापडतात, कुणाला तोफांचं वेड. ताडपत्रीवर शिबंदीच्या जोडीला अख्खं गावही मांडलेलं असतं: गवळण, विहिरीवर पाणी भरणारी बाई, बैलगाडी, मेंढ्या हाकणारा धनगर, वासुदेव, टाळ-मृदंगवाले, गुहेत ठेवायचा वाघ. प्रसंगांचे संचही मिळतात. दोन्ही हातांत शस्त्रं घेतलेले बाजीप्रभू आणि अफजलखानाची भेट यांना गिऱ्हाईक हमखास.

प्रमाणाचा हिशोब मात्र कुणी करत नाही. पहारेकरी महादरवाज्यापेक्षा उंच, वाघ हत्तीच्या तोडीचा आणि विहिरीवरची बाई थेट बालेकिल्ल्याला टेकलेली, असं दृश्य सर्रास दिसतं. वेगवेगळ्या साच्यांतला, वेगवेगळ्या वर्षांचा माल एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? त्यात प्लॅस्टिकचा बंदूकधारी सैनिक पायथ्याशी आणि खेळण्यातली मोटार घाटरस्त्यावर असतेच. इतिहासाच्या अभ्यासकाला हे बघवणार नाही, पण महाराज सर्वांत उंच जागी बसतात आणि तोफेचं तोंड बाहेर असतं. हे दोन नियम मुलं कसोशीनं पाळतात.

मावळ्यांना उभं राहायला किल्ला लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे. डोंबिवलीत वाडे, चाळी आणि बैठी घरं होती तोवर माती, दगड, विटा आवारातच मिळत. गोणपाट चिखलात बुडवून दगडांच्या ढिगावर पसरायचं, हातानं कडे-कपारी काढायच्या, तटबंदी लिंपायची, आणि चार-पाच दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरायची, म्हणजे दिवाळीला डोंगर हिरवा. आता इमारतीच्या आवारात फरशा बसल्या आहेत आणि माती नर्सरीतून पोत्यानं आणावी लागते. काही सोसायट्यांत मुलांना पार्किंगचा एक कोपरा मिळतो, काही ठिकाणी तोही नाही. बाजारानं यावर तोडगा काढला: प्लॅस्टरचा तयार किल्ला. घरी न्यायचा, गॅलरीत ठेवायचा, वर मावळे मांडायचे. थर्मोकोलचे किल्लेही मध्यंतरी खूप चालले. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या वस्तूंवरही बंदी आणली आणि प्लॅस्टरला आणखी एक बाजारपेठ मिळाली.

तयार किल्ल्यावर हात काळे होत नाहीत, आणि नेमकी तीच त्याची उणीव आहे. म्हणूनच ठिकठिकाणच्या मंडळांच्या आणि संस्थांच्या किल्ले स्पर्धांत स्वतः बांधलेल्या किल्ल्याला मान असतो. परीक्षक आले की मुलं पाठ केलेली माहिती घडाघडा सांगतात: रायगडावर राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, इकडे टकमक टोक, तिकडे हिरकणी बुरूज, मधे बाजारपेठ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. रायगड-प्रतापगडाच्या पलीकडे साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग यांनाही आता बिल्डिंगच्या आवारात जागा मिळायला हरकत नाही.

खरं तर या तिन्ही शहरांना किल्ला दूर शोधायला जावं लागत नाही. कल्याण-भिवंडी १६५७ साली शिवाजी महाराजांनी घेतली आणि खाडीकाठच्या दुर्गाडीशी मराठा आरमाराची सुरुवात जोडली गेली. आज तिथे बुरूज, दरवाजा आणि देवीचं मंदिर आहे, नवरात्रात मोठी जत्रा भरते. म्हणजे कल्याणचं पोर आधी खऱ्या किल्ल्याच्या पायथ्याशी जत्रेत हिंडतं आणि पंधरा-वीस दिवसांत घरचा बांधायला घेतं. डोंबिवलीहून हवा स्वच्छ असली की मलंगगडाचा सुळका दिसतो. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, तो मराठ्यांनी १७३७ साली जिंकला आणि १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेला. त्याच तटबंदीच्या आत आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे ठाणेकर मुलांना आपला किल्ला बाहेरूनच पाहावा लागतो.

जपानकडे पुन्हा वळायचं तर मावळ्यांचे खरे सोयरे अकिहाबारात सापडत नाहीत. ते असाकुसाबाशी या भागातल्या बाहुल्यांच्या जुन्या दुकानांत आहेत. त्यांतलं योशितोकू हे दुकान १७११ सालापासून चालू आहे. ३ मार्चला जपानी घरांत मुलींचा सण असतो. लाल कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर दरबार मांडतात: सर्वांत वर सम्राट-सम्राज्ञी, खाली तीन दासी, मग पाच वादक, मग दोन मंत्री आणि तीन सेवक. पूर्ण संच १५ बाहुल्यांचा. सण झाला की बाहुल्या लगेच गुंडाळून ठेवायच्या, उशीर झाला तर मुलीचं लग्न लांबतं अशी समजूत. आपल्या घरातल्या आजीलाही हे तर्कशास्त्र चटकन पटेल. फरक इतकाच, की तिथे दरबारातल्या पात्रांची संख्या आणि जागा ठरलेली आहे, आणि इथे बाजीप्रभूंच्या शेजारी भाजीवाली बसली तरी कुणाची हरकत नसते.

धंदा म्हणून हा बाजार नाजूक आहे. सगळी कमाई दोन-तीन आठवड्यांची, माल फुटणारा, आणि दिवाळीत परतीचा पाऊस कोसळला तर ताडपत्री खालून काढून वर घालावी लागते. दुसरीकडे देशातला खेळण्यांचा बाजार सरकारी धोरणानं बराच बदलला. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट मिळाली. परदेशी माल महागला आणि हातच्या कामाला वाव मिळाला, हे खरं. पण मावळ्याची खरी स्पर्धा परदेशी खेळण्याशी नाहीच. ती मुलाच्या हातातल्या मोबाईलशी आहे, आणि आवारातल्या फरशीशी.

एवढं असूनही या बाजाराचं पारडं जड राहतं, कारण इथली खरेदी हा खेळाचा शेवट नसून सुरुवात असते. काचेच्या कपाटातली बाहुली घरी आली की तिचं काम संपतं. मावळ्याचं काम घरी आल्यावर सुरू होतं. त्याच्यासाठी डोंगर रचावा लागतो, पाणी शिंपडावं लागतं, आणि चार पोरांना एकत्र यावं लागतं.

यंदा जायचं असेल तर वसुबारसेच्या आधीचा शनिवार-रविवार गाठा. त्यानंतर चांगल्या मिशा निवडून गेलेल्या असतात. सकाळी जा, मावळा उलटा करून बूड पाहा, मातीचा मिळाला तर दोन पैसे जास्त मोजा, आणि भावात घासाघीस करताना त्या मावळ्याचे डोळे कुणीतरी एकेक करून रंगवले आहेत हे ध्यानात ठेवा. शक्य झालं तर तयार किल्ला तिथेच ठेवून एक पोतं माती घरी आणा.