बंदुकीला तेल : थोडे पण पक्के गिऱ्हाईक

तुमसर-मोहाडीकडे राइस मिल पुष्कळ, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात स्पिंडल ऑइल, हायड्रॉलिक ऑइल असतेच. तेथेच एखादा शेतकरी विचारतो, "बंदुकीला लावायचे तेल आहे का?" परवान्याची भानगड नको म्हणून दुकानदार नाही म्हणतो. व्यापारी बांधवांनी हे गिऱ्हाईक परत पाठवू नये. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो तो बंदूक, तिचे भाग व काडतुसे विकायला. तेलाला नाही.

हे गिऱ्हाईक कोण? रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना घेतलेला शेतकरी, बँकेवरचा बारा बोअरवाला पहारेकरी. संख्या थोडी, त्यामुळे यासाठी वेगळा बॅरल उचलू नका. आहे त्यातलेच विकावे.

पातळ तेल द्यावे. २२ किंवा ३२ नंबरचे स्पिंडल वा हायड्रॉलिक ऑइल चालते. शिलाई मशीनचे तेलही चालते. गिअर ऑइल, ग्रीस देऊ नये. त्यावर धूळ बसून घोडा जड होतो. घरचे जवसाचे तेल तर वाळून चिकटा धरते. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. काळ्या दारूची राख ओल ओढते, म्हणून नळी आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी, मगच तेलाचा हात. नुसते तेल चोपडले तर आत गंज चालूच राहतो. आणि बार काढण्यापूर्वी नळीतले तेल पुसून घ्यायला गिऱ्हाईकाला आवर्जून सांगा. तेल साचलेल्या नळीत दाब वाढून ती फुगू शकते. काडतुसांना तेल लागू देऊ नये, टोपी निकामी होते.

खप पावसाळ्याच्या तोंडी होतो आणि निवडणुकीत. आचारसंहितेत परवान्याच्या पुष्कळ बंदुका ठाण्यात जमा होतात व आठवडेच्या आठवडे पडून राहतात. २०२४ साली लोकसभा व विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. जमा करण्याआधी तेल लावलेली बंदूक आणि कोरडी दिलेली बंदूक, परत आल्यावर फरक डोळ्यांना दिसतो.

आता लेथवाल्या व लोहारकाम करणाऱ्या बांधवांसाठी. तेल घेणारा ओळखीने म्हणतो, "चाचा, तेवढी स्प्रिंग बसवून द्या." तेथे हात आवरावा. याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती विनापरवाना करणे गुन्हा आहे, मजुरी घ्या अगर न घ्या. दुरुस्तीसाठी बंदूक दुकानात ठेवून घेणेही त्यातच आले. त्याला परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे पाठवावे.

राहिले माप. बॅरलमधून गिऱ्हाईकासमोर शिक्क्याच्या मापाने सुटे द्यावे. लहान बाटल्या आधीच भरून ठेवायच्या असतील तर वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी हवी. बाटलीवर नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष व कमाल किंमत छापावी लागते. स्पिंडल ऑइलवर परदेशी 'गन ऑइल'ची चिठ्ठी चिकटवून चौपट भाव घेणारेही आहेत. तो नकली मार्क्याचा गुन्हा आहे, आणि पहारेकरी बहुधा फौजेतून आलेला असतो, त्याला तेलाचा वास कळतो.