पत्रातच लिहिलेली फाइल

सोसायटीच्या चिटणिसाला महिनाभर ई-मेलने बिलं, पावत्या, कोटेशनं येत राहतात. प्रत्येक मेल उघडा, फाइल उतरवा, फोल्डरमध्ये टाका. हा सगळा खटाटोप पायथॉनमधली छोटीशी स्क्रिप्ट आपसूक करते. ती कशी, हे कळायला मात्र मेलच्या पोटात शिरावं लागतं.

मेलमध्ये अटॅचमेंट दाखवणारी पडद्यावरची क्लिपची खूण फसवी आहे. अटॅचमेंट बाहेरून टाचलेली नसतेच, ती मेलच्या मजकुरातच लिहिलेली असते. जुनी मेलव्यवस्था सात बिटांच्या साध्या रोमन मजकुरापुरती होती. त्यातून फोटो जाणार कसा? नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली ‘माइम’ पद्धत मांडली. मेलचे भाग पाडायचे, मध्ये सीमारेषेची ओळ टाकायची आणि फाइल ‘बेस६४’ने अक्षरांत उतरवायची. दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून वाटेत फाइल तिसऱ्या हिश्शाने फुगते.

फाइलचं नावही अनेकदा असंच बेस६४ मध्ये जातं. त्यात देवनागरी फाइलनावांची गंमत तर पाहाच. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ‘क’ तीन बाइटांचा, म्हणजे बेस६४ मध्ये बरोबर चार रोमन चिन्हांचा: ४, के, एस, व्ही. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात ‘४’ आणि ‘के’नेच होते. ‘पावती’ हे नाव न उलगडता सेव्ह झालं, तर ही जोडी पाचदा दिसेल. काना आणि वेलांटीही वेगळी मोजली जाते.

स्क्रिप्ट हेच उलटं करते. मेलपेटी वाचण्याच्या ‘आयमॅप’ पद्धतीने ९९३ क्रमांकाच्या पोर्टवरून पेटीत शिरायचं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून मेल शोधायचे, भाग चाळायचे, फाइलनाव असलेला भाग उलगडून डिस्कवर लिहायचा. पायथॉनसोबतच येणारी ‘आयमॅपलिब’ आणि ‘ईमेल’ ही मॉड्यूलं त्याला पुरतात. मेल मागवताना ‘पीक’ वापरलं, तर न वाचलेले मेल तसेच राहतात.

खरी गोम फाइलच्या नावात आहे. दर महिन्याचं बिल त्याच नावाने आलं, तर नवी फाइल जुनीला पुसून टाकते. म्हणून नावाआधी तारीख जोडावी. शिवाय नाव ठरवतो पाठवणारा. त्यात दोन टिंबं आणि तिरपी रेघ घुसवून तो फाइल भलत्याच फोल्डरात उतरवू शकतो. तेव्हा तिरप्या रेघा, उलट्यासुद्धा, आधी काढा आणि पीडीएफसारखे ठरावीक प्रकारच सेव्ह करा. मुख्य पासवर्ड तर स्क्रिप्टमध्ये लिहूच नका. जीमेल असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्या. गरज संपली की तो रद्द करता येतो.